केकवरचा क्रूस

मेल्पोनं मान वर केली तेव्हा लेकीच्या लग्नाच्या केकवर क्रूस उमटलेला होता. तिच्याच हातानं. मधोमध, चंदेरी साखरमण्यांचा, चारी टोकांना एकेक पांढरा साखरबदाम, आणि काठाकाठानं मण्यांची दुहेरी ओळ. कुठे वाकडा नाही, कुठे मणी सुटलेला नाही. जसा असायला हवा तसाच तो होता, फक्त इथे असायला नको होता. असा क्रूस मेलेल्या माणसासाठी काढतात. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, मग वर्षाला, शिजवलेल्या गव्हाचं ताट देवळात न्यायचं. त्या कोलिवाच्या ताटावर पिठीसाखरेचा जाड थर द्यायचा, तो तेलकागदानं दाबून बर्फासारखा गुळगुळीत करायचा आणि त्यावर हा क्रूस बसवायचा. ग्रीसमधल्या या कावाला बंदरातल्या कुठल्याही बाईच्या हाताला ही नक्षी डोळे मिटून येते. मेल्पोच्या हाताला तर ती उघड्या डोळ्यांनी, भर दुपारी, तीन मजली केकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आली. तिनं बघितलं तर डाव्या हाताखाली तेलकागदाचा तुकडासुद्धा होता. म्हणजे केकवर चढवलेली साखरेची पोळी दाबून घ्यायलाही ती विसरली नव्हती. दाबायची गरज नसताना.  मग तिनं पहिलं काय केलं, तर उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. घरात कुणी नव्हतं तरी.

काठावर मण्यांची एकच माळ घालायची, एवढंच ठरलं होतं. लेमोनियानं, लेकीनं, बजावून सांगितलं होतं की आई, साधा कर, पांढरा, वर काही नको. मेल्पोनं मणी ओतून घेतले, चिमटा घेतला आणि मन मोकळं सोडलं, कारण हाताला काम लागलं की मनाला उंडारायला सवड मिळते असा तिचा आयुष्यभराचा अनुभव. मन गेलं ते उद्याच्या रविवारात. विहीणबाईंच्या दोन चुलत बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांना एका टेबलावर बसवायचं नाही. बँडवाल्यांना जेवण आधी द्यायचं की नंतर. वाटायच्या जाळीच्या पुरचुंड्या, प्रत्येकीत पाच साखरबदाम, दोघांत वाटता येऊ नयेत असे विषम. त्या सगळ्या तिनं स्वतः बांधल्या होत्या, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीवर बसून, बिलं घ्यायच्या मधल्या वेळात. मांडीवर टोपली, समोर माणसांची रांग. कोणी म्हणायचं, बाई, यंदा पाणी बरंच महागलं. ती फीत ओढून गाठ मारता मारता म्हणायची, हो ना. सकाळी कचेरी, दुपारी घरचा स्वयंपाक, संध्याकाळी गावभरच्या लोकांचे केक. बारशाचे, साखरपुड्याचे, लग्नाचे. वीस वर्षं तिनं या शहरातल्या लग्नांवर साखरेची फुलं उमलवली आणि त्यातल्या एकाही लग्नात ती शेवटपर्यंत बसली नव्हती. केक पोचवायचा, उंची एकदा डोळ्यांनी मोजायची, निघायचं. तर मन असं उद्यात फिरत राहिलं, आणि इकडे हात एकटेच मागे गेले. मन लग्नात होतं, हात आईपाशी.

आईचं नावही लेमोनिया. नातीला आजीचं नाव द्यायचं ही रीत. त्यामुळे घरात कित्येक वर्षं एका हाकेला दोन ओ यायच्या, एक म्हातारी, एक चिमणी. आई अख्ख्या खालच्या वस्तीचं कोलिवा करायची. कोणाच्या घरी माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या घरची बाई गव्हाची पिशवी घेऊन दारात उभी. आई तिला आधी बसवायची. कॉफी करायची. गेलेल्या माणसाला काय आवडायचं ते विचारायची, दालचिनी जास्त की कमी, डाळिंब घालायचं की मनुका. जसं काही तो माणूस खायला येणारच आहे. गहू उकळायचे, निथळायचे, आणि मग पांढऱ्या चादरीवर रात्रभर पसरून ठेवायचे, थेंबभर ओल राहिली तर वरची साखर पिवळी पडते. लहानपणी मेल्पोला वाटायचं, चादरीखाली कोणीतरी निजलंय आणि त्याच्या अंगावर गहू उगवलेत. सकाळी आई अक्रोड, तीळ, भाजलेलं पीठ कालवायला बसायची आणि कालवता कालवता गुणगुणायची, देवळातलंच काहीतरी. आईला गाणं समजायचं. त्या काळी देवळात पाद्री म्हणून पापा-सोफ्रोनिस होता, दाढी पिवळट, पाय सुजलेले, पण गळा असा की दगडाला पाझर फुटावा. त्याची एक खोड होती. प्रवचन बोलता बोलता तो केव्हा गाऊ लागायचा हे त्यालाही कळायचं नाही. शिकलेले लोक हसायचे. बायका मात्र त्याचीच वाट बघायच्या; बोलत होता तोवर डोक्यावरचा रुमाल चाळवत, पोरांना दटावत बसलेल्या, आणि त्याचा आवाज जमीन सोडून वर निघाला की एकदम निवांत.

त्याचं एक प्रवचन मेल्पोला अजून आठवत होतं. मेणबत्तीचं. तुम्ही येता, म्हणाला होता, दारातच मेणबत्ती लावता, तसबिरीला ओठ टेकता आणि कामाला पळता. बरं करता. पण वर गेल्यावर देव विचारील, आणि इथे त्याचा आवाज वर चढला, हळूहळू, एकेक अक्षर लांबवत, की बाळे, तुझी मेणबत्ती माझ्यापाशी उभी होती ती मी पाहिली. तू कुठे होतीस. शेवटचे शब्द त्यानं गाऊन तसेच अधांतरी सोडले होते, उत्तर न देता, आणि देवळात वातीचं चुरचुरणं ऐकू येत होतं. आई घरी येताना म्हणाली, आज पापानं सोनं वाटलं. दहा-बारा वर्षांच्या मेल्पोला वाटलं होतं, यात काय मोठंसं, मेणबत्ती काय पळून जातेय.

फोन वाजला तो पिठीसाखरेच्या डब्याखालून. लेमोनिया होती. मागे बायकांचा कालवा, कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"आई, निघालीस का?"

"निघतेच आहे."

"खरं निघतेस की तुझं ते निघणं?" लेमोनिया हसत होती, पण सांभाळून. "बाबा पोचले. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या आल्या, पालेभाजी भरून भाजलेली पिता आली, आजीची चादर आली. सगळं आलं. तूच राहिलीस."

"केकचं जरा…"

"चार फुलं ठेव वर आणि ये ना. केककडे कोण बघतंय."

"तुझी सासू बघेल."

"ती सगळ्याकडेच बघते. ऐक, पलंग मांडायला घेतलाय पोरींनी. पहिली मूठ तुझी आहे. तू ये."

मेल्पो म्हणाली, आलेच. हा शब्द तिच्या तोंडात असा बसलेला होता की तो उच्चारायला तिला श्वासही घ्यावा लागत नसे.

पलंगाची रीत लग्नाच्या आदल्या दिवशीची. नव्या घरात, नव्या पलंगावर, लग्न न झालेल्या मुली चादर घालतात. नवरदेव येऊन ती विस्कटून टाकतो, पसंत नाही म्हणतो. पुन्हा घालतात, पुन्हा विस्कटतो. तिसऱ्यांदा घातली की पसंत. मग वडीलधारी बायका त्यावर तांदूळ आणि साखरबदाम उधळतात, गुलाबाच्या पाकळ्या टाकतात, कोणाचं तरी तान्हं मूल आणून पलंगावर लोळवतात. पहिली मूठ नवरीच्या आईची. हे काही देवळातलं नाही, पाद्री लागत नाही, बायकांचंच सगळं. मेल्पोच्या पलंगावर पहिली मूठ आईनं टाकली होती, आणि टाकल्यावर तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली होती, सगळ्या गेल्या तरी. मेल्पोला तेव्हा त्याची लाज वाटली होती. हिला घरी काही काम नाही का.

करायला तर सोपं होतं. फुलं तयार होती, साखरेची, पेटीत कापसावर निजलेली. वर ठेवली असती की क्रूस झाकला असता आणि लाकडी खोक्यात केक उद्यापर्यंत बंद. किंवा तसाच ठेवून, रात्री परतल्यावर साखरेची पोळी काढून नवी चढवता आली असती. हे तिला तेव्हाही कळत होतं. स्त्रातोस, नवरा, आधी घरी आला असता आणि त्यानं बघितलं असतं, हे कारण तिनं स्वतःला दिलं. तो कालवांची गाडी चालवणारा माणूस, समुद्रावरच्या लोकांसारखा शकुन-अपशकुन मानणारा, लेकीच्या केकवर मर्तिकाची नक्षी बघून बसल्या जागी पांढरा पडला असता. पण ते कारण खरं नव्हतं. खरं हे की तिला त्या क्रूसावरून नजर काढता येत नव्हती. फार सुंदर झाला होता. आईच्या चाळिसाव्याला असाच व्हायला हवा होता.

त्या चाळिसाव्याला मेल्पोनं ताट विकत आणलं होतं. जुलै महिना, लग्नांची झुंबड, आणि तिच्या हातात तीन केक एका आठवड्यात. मिठाईच्या दुकानात सांगून टाकलं. दुकानदार म्हणाला, ताई, तुम्हीच माझ्याकडे? ती म्हणाली, काय करू, वेळच नाही. ताट आलं, खाली प्लास्टिकची जाळी, वर साच्यातून छापलेला देवदूत, गुबऱ्या गालांचा. ज्या बाईनं अख्ख्या वस्तीचे मेलेले गोड केले, तिच्या वाट्याला छापील देवदूत. देवळात कोणी काही बोललं नाही. बायकांनी कागदी पुड्यांतून कोलिवा घेतलं, रीतीप्रमाणे म्हणाल्या, देव तिला क्षमा करो, आणि खाल्लं. एक म्हातारी फक्त बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, गहू जरा उभाच राहिलाय गं. तेवढंच. मेल्पोनं ते हसण्यावारी नेलं आणि देवळातून थेट घरी येऊन चिमटा हातात घेतला. रडू नंतर येईल असं तिला वाटलं होतं. कामं आटोपली की. कामं कुठे आटोपतात.

आणि त्याआधीचं. मे महिना. आई तिच्याच घरी, आतल्या खोलीत, खिडकीला लागून. काही फार दुखत नव्हतं तिला, ती नुसती विझत होती, तेल संपलेल्या दिव्यासारखी, आवाज न करता. मेल्पो दर तासाला आत जायची. सूप द्यायची, उशी बदलायची, खिडकी उघडायची, खिडकी लावायची. उभ्याउभ्या. आई म्हणायची, जरा बस गं. ती म्हणायची, आलेच. थासोस बेटाच्या बोटीवरच्या कप्तानाच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांना गुलाब हवे होते, पाकळीन् पाकळी वेगळी, कडेला किंचित गुलाबी झाक. एके दुपारी एक गुलाब असा साधला की मेल्पोला राहवेना, तळहातावर घेऊन ती आईला दाखवायला गेली. आईनं चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "खऱ्या गुलाबाला इतकं कौतुक लागत नाही." मग म्हणाली, "सुंदर आहे. आता हात धू आणि इथे बस." मेल्पो हात धुवायला गेली. नळाशी गेल्यावर तिला आठवलं की उरलेली साखर झाकायची राहिली, वाळून दगड होईल. ती झाकताना वाटलं, एवढ्या दोन पाकळ्या चढवून टाकू. ती परत गेली तेव्हा आई झोपली होती, चष्मा नाकावर तसाच. तो चष्मा काढून तिनं उशाशी ठेवला, हे तेवढं तिनं केलं. त्यानंतर आई काही मागायला म्हणून बोलली नाही. पाणीसुद्धा.

मेल्पोनं चिमटा घेतला आणि बाजूला ठेवला. सुरी घेतली, तीही ठेवली. क्रूसाला पातं लावायचं तिच्यानं होईना. मग तिनं बोटांनीच एकेक मणी उचलायला घेतला, खालून, पायाकडून, आणि बशीत ठेवायला. प्रत्येक मण्यामागे साखरेत एक बारीक खळगा राहत होता. पहिला बदाम हातात आला तेव्हा ती थबकली. मग तिनं तो तोंडात टाकला आणि हळूच म्हणाली, "देव तिला क्षमा करो." स्वतःचाच आवाज स्वयंपाकघरात वेगळा वाटला. दुसरा बदाम. तिसरा. दातांखाली कवच फुटत होतं, गोडी जिभेवर उतरत होती, आणि चौथ्या बदामाला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, इतकं सहज की जसं काही इतकी वर्षं ते नुसतं नळाच्या तोंडाशी अडून राहिलं होतं. ती खाली बसली. स्टुलावर, ओट्याला टेकून, हात मांडीवर. तिनं पापा-सोफ्रोनिसच्या गळ्यातला मृतांचा शेवटचा आळाप आठवून बघितला, स्मरण अखंड राहो म्हणून जो लांबवतात तो, आणि ओठांतल्या ओठांत म्हटला. सूर तिला आईइतका नव्हता, पण कोण ऐकत होतं. वर कुणीतरी ऐकत असेलच, असं तिला त्या घडीला अगदी खरं वाटलं. देवानं तिच्या हाताकडून हे करवून घेतलं, तिला आपण होऊन सवड होईना म्हणून. आईचं चाळिसावं आज झालं. खिडकीतून बंदराचा वास येत होता, मासळी आणि डिझेल, आणि खाली कोणीतरी सतरंजी झटकत होतं. तिला फार दिवसांनी कसलीही घाई नव्हती. मेल्पो बसली, तिला वाटलं थोडाच वेळ बसली.

उठली तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरून फरशीवर आलं होतं. आता खळगे पडलेला केक तसाच ठेवून निघावं हे सरळ होतं. पण हात चालू लागले होते. जुनी पोळी सोलून काढली, साखरेचा नवा गोळा मळला, लाटला, झटक्यात चढवला. तिच्या हाताला चूक माहीत नव्हती, आजची ती एक सोडली तर. लाटताना तिच्या मनात लेमोनिया होती, हे विशेष. शाळेच्या समारंभात कविता म्हणणारी, निळा झगा, पायमोजे घसरलेले. केक सगळ्यांत उंच मेल्पोचा असायचा. बाकीच्या आया त्याभोवती उभ्या राहून वाहवा करायच्या आणि तोवर ती गेलेली असायची, कोणाचं तरी बारसं असायचं. लेमोनिया घरी आल्यावर कविता पुन्हा म्हणून दाखवायची, ओट्याशी उभी राहून. मेल्पो चाळणी हलवत म्हणायची, छान, आणि मग? पुढेपुढे लेमोनियानं म्हणून दाखवणं सोडलं. भांडून नव्हे. मोठी समंजस पोर. शिक्षिकेला ती सांगायची, आमची आई येईल, केक ठेवील आणि जाईल. शिक्षिकेनं हे मेल्पोला कौतुकानं सांगितलं होतं, आणि मेल्पोलाही त्याचं कौतुकच वाटलं होतं, बघा, पोरीला आपली धावपळ कळते. काठावरची माळ घालून झाली, एकच, साधी. वर काही नाही. लेकीला हवा तसा. मेल्पोनं खोक्याचं झाकण लावलं, हात धुतले, तोंड धुतलं, निळा रेशमी झगा घातला आणि घराबाहेर पडली. वाटेत टॅक्सी मिळेना. शनिवार, सगळीकडे लग्नं. ती चढणीवरून जवळजवळ पळतच निघाली, हातात बुटांची पिशवी, पायात घरातल्या सपाता. एका अंगणात बसलेला म्हातारा म्हणाला, बाई, आग लागली का कुठे? ती म्हणाली, लेकीचा पलंग आहे. मग धावा, म्हणाला, देव सुखी ठेवो.

नव्या इमारतीच्या दारात पोरी उतरत होत्या, चार-पाच जणी, गालांवर लाली, केसांत पाकळ्या अडकलेल्या. मेल्पोला बघून त्यांचं हसणं मध्येच थांबलं. एकीनं वाकून तिच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, काकू, पालेभाजीची पिता काय झाली होती म्हणून सांगू. दुसरी म्हणाली, सुखाचा संसार होवो. आणि त्या बाजूला झाल्या, वाट देऊन, जशी उशिरा देवळात शिरणाऱ्या बाईला देतात.

वर दार उघडंच होतं. बैठकीत रिकाम्या बशा, तिच्याच गुंडाळ्यांची चार-दोन उरलेली, स्त्रातोस गच्चीवर नवरदेवाच्या बापाबरोबर सिगारेट ओढत पाठमोरा. विहीणबाई थेओपिस्ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, बूट काढून, घोटे चोळत. अंगानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत हे मेल्पोला त्यांच्या पहिल्याच टोमण्यावरून कळलेलं.

"या, विहीणबाई, या," त्या म्हणाल्या. "नवरीची आई म्हणजे राणी. राणीनं उशिराच यावं. पण दरबार उठल्यावर?"

मेल्पो म्हणाली, केकचं जरा निघालं. त्या म्हणाल्या, असू दे हो, माझं तोंडच फाटकं आहे, मनावर घेऊ नका, आणि सरकून जागा करून दिली. मेल्पो बसली नाही. ती आतल्या खोलीत गेली.

पलंग झाला होता. आईची चादर, आईनं विणलेली कड, त्यावर तांदूळ, पाकळ्या, साखरबदाम, आणि मधोमध एक खोलगट जागा, बहुधा तान्ह्याला लोळवलं तिथे. खोलीत गुलाबपाण्याचा वास आणि पुष्कळ माणसं नुकतीच जाऊन राहिलेली ऊब. लेमोनिया खिडकीपाशी पाकळ्या वेचत होती, खाली पडलेल्या. अनवाणी. आई आलेली बघून तिचा चेहरा फुलला, खरोखर फुलला, आणि ते बघून मेल्पोला जास्त कसंसं झालं.

"आलीस. धापा टाकतेयस किती. चालत आलीस? पाणी देऊ?"

"लेमोनिया, मी…"

"अगं असू दे. मी सांगूनच ठेवलं होतं सगळ्यांना, आईसाठी थांबू नका म्हणून. तुला उगीच जिवाची ओढाताण नको." तिनं मेल्पोच्या खांद्यावरचा पिठीसाखरेचा डाग पुसला, मोठ्या माणसानं लहानाचा पुसावा तसा. "सासूबाईंनी टाकली पहिली मूठ. दोन टाकल्या त्यांनी, एक तुझ्या नावची. केक झाला ना मनासारखा?"

"झाला."

"मग झालं तर. बस की."

पण खोलीत बसायला पलंगाशिवाय काही नव्हतं, आणि त्यावर उद्यापर्यंत कोणी बसायचं नसतं. मेल्पो उभी राहिली. तिला सांगायचं होतं. क्रूसाचं, चार बदामांचं, आजीचं चाळिसावं आज झालं त्याचं. सांगितलं असतं तर लेमोनियानं समजूनही घेतलं असतं, हीच तर पंचाईत होती, ही पोर सगळं समजून घेते. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला काय सांगायचं, की तुझ्या केकवर मी काय काढलं होतं. तेवढ्यात योर्दानिसनं, नवरदेवानं, बाहेरून हाक मारली, केस कापणारी आली म्हणून, आणि लेमोनिया ओंजळभर पाकळ्या आईच्या हातात देऊन गेली. जाता जाता म्हणाली, या टाक तूच. मेल्पोनं त्या पलंगावर टाकल्या. टाकताना हाताला कळत नव्हतं किती उंचावरून टाकतात.

बैठकीत आल्यावर विहीणबाईंनी तिला ओढूनच शेजारी बसवलं. बघायचंय ना तुम्हाला, म्हणाल्या, मी सगळं घेतलंय, म्हणजे माझ्या भाचीनं घेतलंय, माझं डोकं चालत नाही यात, आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला फोन त्यांनी चष्म्याजवळ धरून, बोटानं टोचून टोचून, सुरू केला. खोली माणसांनी भरलेली. योर्दानिस चादर विस्कटतोय, पोरी ओरडताहेत, एकजण त्याच्या पाठीत उशी घालतेय. तिसऱ्यांदा चादर पडली, टाळ्या. मग विहीणबाई स्वतः पुढे, टोपली काखेत, मूठ भरून हात वर. सगळ्या गप्प. आणि पडद्यावरची लेमोनिया म्हणाली, "थांबा एक मिनिट."

विहीणबाईंचा हात वरच राहिला. बाहेर कुठेतरी लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. लेमोनियानं मान दाराकडे वळवली. नुसती मान नव्हे, टाचाही उचलल्या, माणसांच्या डोक्यांवरून बघायला. दार ढकलून कोणी शेजारीण आत आली, हातात फुलांची कुंडी. सगळ्यांनी तिला या या केलं. लेमोनियाही हसली तिच्याकडे बघून. ती टाचांवरून खाली आली, समोर वळली, आणि म्हणाली, "टाका, आई." हे विहीणबाईंना. मग तांदळाचा नुसता पाऊस, आणि किंकाळ्या, आणि त्यात लेमोनिया डोकं मागे टाकून हसताना.

मेल्पोनं विचारलं, पुन्हा दाखवाल का, सुरुवातीचं. विहीणबाई म्हणाल्या, हो, बघा की, आणि बोटानं मागे नेत, थोडं जास्त मागे, मग पुढे, ते नेमकं तिथेच आणलं. थांबा एक मिनिट. लिफ्ट. टाचा. कुंडी. टाका, आई.

"मस्त आलंय ना?" विहीणबाई म्हणाल्या. "दिसलं ना सगळं?"

"दिसलं," मेल्पो म्हणाली.